झोपेतला लिलाव

"डॉक्टर, तुम्ही स्वतः घोरता का?"

प्रश्न विचारला मी, पण तो माझा नव्हता. तो वकील आणि चिमटी या माझ्या दोन मैत्रिणींचा होता. वकील फळ्यावर लिहिलेल्या तारखेवरूनही वाद घालू शकते. चिमटी दिवसभरात मोजकंच बोलते, पण तिचं एकेक वाक्य घरी पोचेपर्यंत दुखतं. शाळेच्या जिन्यात डबा खाताना मी त्यांना सांगितलं होतं की उद्या बाबांबरोबर झोपेच्या डॉक्टरबाईंकडे जायचंय. त्यावर वकीलने मुद्दा काढला की केस कापणाऱ्याचे केस दुसरा कुणीतरी कापतो, मग झोपेच्या डॉक्टरची झोप कोण तपासतं? आणि चिमटी म्हणाली, "विचारून ये. नाही विचारलंस तर भोंगा हे नाव परत कर."

नाव परत करायची माझी अजिबात तयारी नव्हती. नवंकोरं नाव होतं ते. गेल्या सत्रापर्यंत मी वर्गात आहे की नाही हे फक्त हजेरीपटाला माहीत असायचं. मग खेळांच्या दिवशी ऐन शर्यतीच्या वेळी माईक बंद पडला. खेळाचे सर नुसते हातवारे करत राहिले आणि माझ्या तोंडून, मला न विचारताच, आवाज बाहेर पडला की शंभर मीटरवाल्यांनी रेषेवर यावं. फाटकावरचा रखवालदारसुद्धा रेषेवर येऊन उभा राहिला. तेव्हापासून मी भोंगा. उरलेल्या सगळ्या शर्यती मीच पुकारल्या, आणि संध्याकाळी घरी जाताना मला कळलं की माझी चालसुद्धा बदलली आहे.

आवाज अर्थात बाबांचा. आमचे बाबा लिलाव पुकारतात. जुन्या सामानाचं एक लिलावघर आहे. कुणी घर बदलतं, कुणी जग सोडून जातं, मग त्यांची कपाटं, आरसे, शिवणयंत्रं, आरामखुर्च्या तिथे येतात आणि बाबा लाकडी चौथऱ्यावर उभे राहून त्यांना नवी घरं मिळवून देतात. त्या धंद्यात त्यांना सगळे तीनवार म्हणतात, कारण "एक वार, दोन वार" म्हटल्यावर ते जे थांबतात, ते थांबणं बघायला लोक येतात. त्या शांततेत भल्याभल्यांचे हात वर जातात. आणि हात वर गेला की गेला. बोली झाली की माघार नाही, हा तिथला कायदा. एकदा एक गृहस्थ ओळखीच्या माणसाला हात करायला गेले आणि दोन दारांचं कपाट घेऊन घरी गेले. त्यांनी खूप आरडाओरडा केला. बाबा शांतपणे म्हणाले की हाताला विचारा, मला नाही.

असे आमचे बाबा, आणि ते भर लिलावात झोपले.

उभ्या उभ्या. एका मोठ्या घड्याळाचा लिलाव चालला होता. "एक वार, दोन वार" झालं आणि बाबा थांबले. लोकांना वाटलं, नेहमीचंच थांबणं. त्या शांततेत बोली दोनदा वर गेली. मग माईकमधून घोरण्याचा आवाज आला.

हसणारे हसले, पण मालक हसले नाहीत. त्यांनी बाबांना सामानाच्या खोलीत बसवलं, आलेल्या मालावर चिठ्ठ्या चिकटवायला, आणि हातोडी दिली स्वतःच्या जावईबापूंना. मालक वाईट नाहीत. ते म्हणाले की आधी तब्येत दाखवा. एका जुन्या हॉटेलचं अख्खं सामान येणार आहे, वर्षातला सगळ्यात मोठा लिलाव. तोवर डॉक्टरने लिहून दिलं तर हातोडी तुमची. नाही दिलं तर जावईबापूंची, कायमची.

तर बाबांच्या झोपेची तपासणी झाली आणि कळलं की झोपेत त्यांचा घसा मिटतो, श्वास थांबतो, शरीर दचकून अर्धवट जागं होतं, परत झोपतं, परत घसा मिटतो. रात्रभर हाच खेळ. म्हणून दिवसा डोळे मिटायचे. डॉक्टरबाईंनी एक मशीन दिलं. बूट ठेवायच्या खोक्याएवढं. त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. मशीन हवा ढकलतं, हवा घसा उघडा ठेवते. आणि अधूनमधून एखाद्या रात्री बोटाला लावायचा चिमटा दिला, जो ऑक्सिजन किती आहे ते रात्रभर टिपून ठेवतो.

पहिल्याच रात्री घोरणं बंद. आईने सकाळी कानातले कापसाचे बोळे काढून दाखवले, जणू पदकंच. आम्ही तिघं नाश्त्याला खुशीत होतो. आणि चिमट्यातला आकडा आला तो पडलेला. नव्वदच्या वर हवा, तर पहाटेकडे तो एक्क्याऐंशीपर्यंत घसरत होता. डॉक्टरबाईंनी हवेचा जोर वाढवला. आकडा जागचा हलेना. त्या म्हणाल्या की मशीन सांगतंय, हवा कुठूनतरी गळते आहे, मास्क नाकावर नीट बसत नसेल.

हे आईला लागलं. आई चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवते. लांब नाकं, बसकी नाकं, एका बाजूला कललेली नाकं, सगळ्यांवर तिचा चष्मा असा बसतो की माणूस पायऱ्या उतरला तरी घसरत नाही. तिने बाबांचा मास्क स्वतः बसवला होता, पट्टे आपल्या हाताने ओढले होते. नाकाच्या बाबतीत मला शिकवू नका, असं ती डॉक्टरबाईंना म्हणाली नाही, पण तिचा चेहरा म्हणाला. मास्कचं माप बदललं, मधली गादी बदलली, आकडा तिथेच. बाबांनी एकदा नळी गुंडाळून मशीन खोक्यात भरलंसुद्धा. म्हणाले, माझ्यावर याचा इलाज चालत नाही, चिठ्ठ्या चिकटवणं वाईट नाही, बसून काम असतं. ते इतकं हलक्या आवाजात म्हणाले की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं.

म्हणून त्या दिवशी आम्ही तिघंही डॉक्टरबाईंसमोर बसलो होतो. हॉटेलचं सामान गाड्यांतून यायला लागलं होतं. डॉक्टरबाई पडद्यावरचा आलेख बघत कपाळ चोळत होत्या.  आणि मी तो प्रश्न विचारला.

आईने टेबलाखालून माझा पाय दाबला. बाबांनी छताकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि हसल्या. म्हणाल्या, "घोरत असेन बाई. मला कसं कळणार? मी तेव्हा झोपलेली असते. आमच्याकडे ते खातं नवऱ्याकडे आहे." मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "तुमच्याकडे कुणाकडे आहे?"

मी म्हटलं, माझ्याकडे. आईच्या कानात सवयीने अजून बोळे असतात आणि माझी खाट बाबांच्या भिंतीला लागून आहे. भिंत अशी की पलीकडे कुणी कूस बदलली तर अलीकडे मला जागा करून द्यावीशी वाटते.

मग काय ऐकू येतं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की घोरणं मशीन आल्यापासून बंद आहे, आता नुसता लिलाव असतो.

"कसला लिलाव?"

आता भोंगा हे नाव राखायचं म्हणजे नुसतं सांगून भागत नाही. मी उभी राहिले आणि करून दाखवला. बाबा झोपेत जसा पुकारतात तसाच. सागवानी कपाट, आरसा अस्सल, पाय चारही शाबूत, बोला मंडळी, मागे बसलेल्या ताई, तुमचा हात की तुमची पर्स, एक वार, दोन वार. खोलीचं दार उघडलं आणि बाहेरच्या मदतनीस बाईंनी आत डोकावून सगळं ठीक आहे ना असं विचारलं. त्यांच्यामागे बाकावरचे तीन रोगी उभे राहून बघत होते. झोपेचे रोगी ते, पण त्या क्षणी टक्क जागे.

डॉक्टरबाई हसत नव्हत्या. त्यांनी विचारलं, हे किती वेळ चालतं? मी म्हटलं, पहाटे तर तासतासभर. आणि तीन वार झाल्यावर? मी म्हटलं, तीन वार फार क्वचित होतं, बहुतेक वेळा बाबा दोन वारवरच थांबलेले असतात. सकाळी चहा घेऊन जाते तेव्हा बघते ना. नाकावर मास्क, हात उशीवर, तोंड उघडं, बोलीची वाट बघत.

डॉक्टरबाई आईकडे वळल्या. म्हणाल्या की मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, झोपेत यांचं तोंड उघडं असतं का, आणि तुम्ही दोनदा नाही म्हणालात.

आई मनापासून बुचकळ्यात पडली. "अहो, ते तोंड उघडं असणं थोडंच आहे? ते कामावर आहेत."

मग डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. आणि मग त्यांनी सगळं समजावलं. नाकातून हवा आत जाते आणि उघड्या तोंडातून सरळ बाहेर पडते. घशापर्यंत जोर उरतच नाही, घसा पुन्हा मिटतो, आकडा पडतो. जोर वाढवला तर तोंडातून आणखी जोरात पळते. "नाकाकडून गळत नव्हतंच," त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही बसवलेला मास्क उत्तम आहे." आई खुर्चीत जरा उंच झाली. बाबांनी विचारलं की हे बोलणं आत्ताच का सुरू झालं, पूर्वी तर नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या की वर्षानुवर्षं नीट न झोपलेल्या माणसाला झोप मिळाली की स्वप्नांचा पूर येतो. तुमची स्वप्नं इतकी वर्षं रांगेत उभी होती.

इलाज सोपा होता. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क. त्यांनी कपाटातून काढून दिलासुद्धा. हा लावून काही दिवस झोपा, मग परत चिमटा लावू, आकडा नव्वदच्या वर राहिला तर मी पत्र लिहिते.

मला वाटलं, जिंकलं. घरी येईपर्यंत माझं वकील आणि चिमटीला काय काय सांगायचं ते मनात पुकारून झालं होतं. पण बाबा घरी आले, मास्कचं खोकं कपड्यांच्या कपाटावर ठेवलं आणि म्हणाले, हा मी लावणार नाही.

आई आधी समजुतीने बोलली, मग रागाने, मग तिने भांडी घासायला घेतली, म्हणजे तिसरी पायरी. बाबा ढिम्म. म्हणे गुदमरायला होतं. लावून न बघताच. म्हणे गालावर वळ उठतात. मी म्हटलं, बाबा, वळ उठले तर उठले, हॉटेलचं सामान तुमचं ना? त्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जागेपणी हातोडी जावईबापूंकडे आहे. झोपेत तरी माझ्याकडे राहू दे."

 मी माझ्या खोलीत गेले. मला कळत होतं की स्वप्नं तोंडात नसतात, मास्क लावून स्वप्नं बंद पडत नाहीत. पण हे वाक्य तयार होईपर्यंत मला हेही कळलं की बाबांना वाक्य देऊन उपयोग नाही. आयुष्यभर ते दुसऱ्यांना वाक्यं देत आलेत. त्यांना वाक्य विकत घ्यायची सवय नाही. पण लिलावात उभा असलेला माल बघून गप्प बसायची सवयही त्यांना नाही.

रविवारी सकाळी बाबा वर्तमानपत्र वाचत होते आणि आई जेवणाच्या टेबलावर स्वतःच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होती. मी एक स्टूल ओढलं, त्यावर उभी राहिले, एका हातात मास्क धरला, दुसऱ्यात लाकडी चमचा, आणि पुकारा केला की माल क्रमांक एक, नाक-तोंड झाकणारा मास्क.

वर्तमानपत्रामागून आवाज आला, "माल नाही. नग."

नग क्रमांक एक, मी म्हटलं. एकदम नवा, कधी न वापरलेला, सर्वगुणसंपन्न.

वर्तमानपत्र थोडं खाली आलं. बाबा म्हणाले की अशी सुरुवात करणाऱ्याला चौथऱ्यावरून उतरवतात. आधी खोट सांगायची. आरशाला तडा आहे, खुर्चीचा पाय डुगडुगतो, जे असेल ते पहिल्यांदा. खोट लपवली की गिऱ्हाईक ती शोधत बसतं, सांगून टाकली की मोकळेपणाने माल बघतं. एवढं सांगून वर्तमानपत्र परत वर गेलं.

मग मी खोट सांगितली. की हा लावला की माणूस लढाऊ विमानाच्या वैमानिकासारखा दिसतो, तेही विमान चुकलेल्या. गालावर वळ उठतात. पहिल्या रात्री गुदमरल्यासारखं होतं. आणि यातून आवाज बाहेर येत नाही. इथे मी जरा थांबले. मग म्हटलं, पण श्वास आत जातो. आणि आत जो लिलाव चाललाय तो चालूच राहतो, पुकारणाऱ्याला दम लागत नाही, इतकाच फरक.

वर्तमानपत्राचं पान उलटायचं राहून गेलं.

बोली रात्रींमध्ये, मी जाहीर केलं. इतक्या रात्री वापरीन, अशी बोली. आईने मान वर न करता म्हटलं, एक रात्र.

आता बाबांचीच एक युक्ती मला माहीत होती. ज्याच्याकडून बोली हवी त्याच्याकडे कधी बघायचं नाही. मी पडद्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, फुलदाणीला विचारलं की बाई, तुमचं काय. आणि म्हटलं, एका रात्रीला जातोय मंडळी. एक रात्र, एक वार. वर्तमानपत्र खाली आलं. एक रात्र, दोन वार. बाबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्यासमोर सागवानी कपाट जळणाच्या भावाने विकतंय.

"आठवडा," बाबा म्हणाले.

"पंधरवडा," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, महिना. आईने विचारलं, तुम्हाला नको होता ना. बाबा म्हणाले, मध्ये बोलू नये, लिलाव चालू आहे. आईने दोन महिने सांगितले. बाबा तिच्याकडे वळले. "अगं, तू घोरत नाहीस. तुला कशाला हवाय?"

"शोभेला," आई म्हणाली.

मग बाबांचा हात वर गेला. सरळ, पूर्ण, चौथऱ्यासमोरच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखा. सहा महिने. मी पडद्याकडे बघत म्हटलं, सहा महिने, एक वार. सहा महिने, दोन वार. आणि थांबले. खरं सांगते, त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं की बाबांना हे काम का आवडतं. खोलीतल्या प्रत्येक वस्तूचा श्वास अडकलेला असतो आणि तो सोडायचं तुमच्या हातात असतं. आई स्क्रू आवळायची थांबली होती. तीन वार म्हणून मी चमचा टेबलावर आपटला, तो आईच्या स्क्रूच्या डबीवर बसला आणि बारीक बारीक स्क्रू सगळ्या खोलीभर उडाले. पुढचा अर्धा तास आम्ही तिघं जमिनीवर रांगत होतो.

रांगता रांगताच बाबांना झाल्या प्रकाराची जाणीव झाली. ते कपाटाखालून म्हणाले की हे बघ, मी नुसता भाव चढवत होतो. मी म्हटलं, हाताला विचारा, मला नाही.  कपाटाखालून हसण्याचा आवाज आला, मग धुळीमुळे शिंक, मग पुन्हा हसणं.

त्या रात्री आईने मास्क बसवला. चष्मा बसवते तसा, आधी आरशासमोर, मग आडवं झोपवून, मग या कुशीवर, मग त्या कुशीवर. पट्ट्याखाली गालाला मऊ कापड लावलं. बाबा काहीतरी म्हणाले, पण मास्कमधून ते घागरीतल्या माणसासारखं आलं आणि आईने त्याचा अर्थ छान झोप लागेल असा लावला. सगळं लगेच जमलं असं नाही. पहिल्या आठवड्यात एका सकाळी मास्क उशीखाली सापडला आणि बाबा चोरासारखे बघायला लागले. बोली ही बोली, एवढंच मी म्हटलं. मग एकदा दाढीचे खुंट वाढले आणि कडेने हवा शिट्ट्या मारायला लागली, तेव्हा आईने फर्मान काढलं की दाढी आता रात्री करायची. भिंतीपलीकडून मला अजून लिलाव ऐकू यायचा, पण शब्द नाहीत. नुसती घुमघुम, लांबच्या घरात मेजवानी चालल्यासारखी. मला ती आवडायला लागली. त्या आवाजात मी झोपायला लागले.

बाबांचा चेहरा बदलत होता. जेवताना ते गोष्टी पूर्ण करायला लागले. पूर्वी अर्ध्यात डोळे मिटायचे आणि शेवट आम्हाला स्वतःलाच लावून घ्यावा लागायचा. माझ्या गणिताच्या चाचणीबद्दल त्यांनी स्वतःहून विचारलं, जे मला तितकंसं आवडलं नाही.

मग पुन्हा चिमटा. या वेळी डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडे फिरवला. आधीची रेघ करवतीच्या दात्यांसारखी होती. ही सपाट, एखादं चांगलं टेबल असावं तशी, मध्ये दोन-तीन ठिकाणी जरा खळगे. सगळ्यात खालचा आकडा एक्क्याण्णव. आई बाबांच्या हातावर हात ठेवून बसली होती आणि नाकाकडच्या आपल्या कामाची स्तुती पुन्हा होते का याची वाट बघत होती. झाली. डॉक्टरबाईंनी पत्र लिहिलं. फक्त शेवटी एक ओळ घातली की सध्या अर्धाच दिवस उभं राहून काम करावं, दोन महिन्यांनी पुन्हा बघू.

आम्ही तिथून थेट लिलावघरात गेलो. हॉटेलचं सामान आलं होतं. हॉलभर पलंग, दिवे, आरसे, एकावर एक रचलेल्या खुर्च्या, आणि एका कोपऱ्यात खोक्यांचे डोंगर, त्यात कपबश्या, पुस्तकं, मुलांच्या खोलीतली खेळणी. मालकांनी पत्र वाचलं आणि बाबांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. जावईबापूंनी तर हातोडी अशी पुढे केली, जणू तापलेला तवा. म्हणाले, घ्या तुमची, ही आल्यापासून मला रात्री झोप नाही. बाबांनी त्यांना आमच्या डॉक्टरबाईंचा पत्ता देऊ केला.

सगळे हसत होते, तोवर मालक पत्राच्या शेवटच्या ओळीपाशी आले. अर्धा दिवस, ते म्हणाले. मग दुपारचं काय? पलंग-कपाटं सकाळी निघतील, पण ते खोक्यांतलं किरकोळ सामान दुपारभर पुकारावं लागेल. जावईबापूंनी आधीच दोन्ही हात वर केले, मी खोकी उचलीन पण पुकारणार नाही. मालक म्हणाले, मग बाहेरून माणूस आणावा लागेल. आणि मान खाजवत पुढे म्हणाले की आता बाहेरचा माणूस अर्ध्या दिवसावर थोडाच थांबतो.  बाबांनी हातोडी नुसती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी त्यांच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं.

आई त्यांना चौथऱ्याकडे घेऊन गेली, पायऱ्या चढून बघा म्हणाली, पायात गोळे येतात का ते. मी मालकांपाशीच थांबले. मी काय म्हटलं ते सगळं सांगत नाही, थोडं लांबलं. मालकांनी आधी माझं वय विचारलं, मग सुट्टी कधी लागते ते विचारलं, मग एका खोक्यातून झाकण नसलेली किटली काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, पुकार. मी पुकारली. कपाट उचलून नेणाऱ्या दोन हमालांनी कपाट खाली ठेवलं आणि त्यातल्या एकाने हात वर केला. त्याने लगेच घाबरून तो खालीही घेतला, पण मालकांनी बघितलं होतं. ते म्हणाले की लिलाव सुट्टीतच आहे, किरकोळ सामानाचं जमेल, सुट्टीपुरतं जमेल, आई-बाबांना विचारून ये.

बाबा चौथऱ्यावर उभे होते, आई खाली, हाताची घडी घालून. मला माहीत होतं ती काय म्हणणार. या घरात एक घसा पुरे, हे तिचं जुनं वाक्य आहे, आणि गणिताच्या चाचणीचा निकालही अजून यायचा होता. मी हॉलच्या मधोमध, त्या सगळ्या पलंगांच्या आणि दिव्यांच्या मध्ये उभी राहिले. माईक लागणार नव्हता.

"आई, बाबा, मालक म्हणाले विचारून ये, पण मी सांगायला आलेय. सुट्टी लागली की दुपारचा लिलाव मी पुकारणार. सकाळी बाबा, दुपारी मी. बाहेरचा माणूस येणार नाही."